लाल चिंधीची ओळ

गौराबाईनं बारा वर्षं तुती लावली, पण फळ गोड असतं की आंबट हे तिनं कधी चाखून बघितलं नव्हतं. रेशमाच्या अळ्यांना पाला लागतो, फळाचं कौतुक कुणाला? फळ धरायच्या आत फांद्या छाटून अळ्यांच्या शेडमध्ये जायच्या. बांधाकडची ओळ तेवढी यंदा राहिली होती. पलीकडं शेजारच्या महारुद्राची मिरची. तो फवारा मारणार म्हणाला की गौराबाई त्या ओळीला लाल चिंधी बांधायची. चिंधीचा पाला तोडायचा नाही, अळ्या मरतात, हे घरादाराला ठाऊक. नव्या सुनेला सांगायचं तेवढं राहून गेलं.

सून वैजयंती पाथरीच्या मास्तरांची लेक. चौथा महिना, अंगात रक्त कमी, आणि दोन महिने पोटात पाणी ठरत नव्हतं. लोहाची गोळी नुसती बघितली तरी उमळून यायचं. गौराबाई वरून खेकसायची, पण आत जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या सकाळी वैजयंती शेतातून आली ती ओठ न् बोटं काळीजांभळी करून.

"काय खाल्लंस गं?"

"तुती, आत्या. वाटीभर खाल्ली. लय गोड होती."

"कुठली?"

"चिंधीच्या ओळीतली. मला वाटलं, माझ्यासाठीच राखून ठेवली तुमी."

गौराबाईनं तिला मोरीकडं ओढलं. आज उजाडताच फवारतो, असं महारुद्र कालच म्हणाला होता.

"घशात बोट घाल आधी."

वैजयंतीनं घातलं. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण उलटी काही येईना. रोज फोडणीच्या वासानं मोरीकडं पळणारी पोर ही, अन् आज पोटानं हट्टच धरला. गौराबाईनं जीपवाल्याला फोन करून बोलावलं आणि अनवाणीच बांधाकडं धावली. अळ्यांची एवढी राखण केलीस, अन् घरातल्या लेकराला एक शब्द सांगता आला न्हाई तुला, असा स्वतःलाच बोल लावत होती.

महारुद्र बांधावर पंप बाजूला ठेवून बसला होता.

"फवारलं का रे?"

"न्हाई काकू. वारं तुमच्याकडं वाहायलंय. तुमच्या अळ्या मरतील म्हणून थांबलो. तुमच्या लेकाला, शंभुराजला सांगितलं की फोनवर."

"अन् याच्या आधी?"

"त्याला महिना उलटला. तवा ह्या तुतीला फळाचा पत्ताबी नव्हता."

गौराबाई मातीतच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. काय झालं ते महारुद्राला कळेना, त्यानं आपली पाण्याची बाटली पुढं केली.

जीप आलीच होती, म्हणून ताडकळसच्या दवाखान्यात दाखवूनही आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही झालेलं नाही. तुतीत लोह असतं, पचतेय तर खाऊ द्या. पण धुऊन, आणि गोळी सोडायची नाही."

घरी येऊन टेकतात न टेकतात तोच वैजयंती हळूच म्हणाली, "आत्या, भूक लागलीय."

दोन महिन्यांत हा शब्द घरात कुणी ऐकला नव्हता. गौराबाईनं भाकरी टाकली, ती पोटभर जेवेपर्यंत समोरून हलली नाही. मग उठून शेतात गेली. बांधाची चिंधी तशीच ठेवली, फवारा अजून व्हायचाच होता. घरून आणलेली हिरवी चिंधी मात्र तिनं मिरचीपासून लांब, शेताच्या मधल्या, सगळ्यात दाट पाल्याच्या ओळीला बांधली. गड्यांना बजावलं, "हिचा पाला तोडायचा न्हाई. ही माझ्या सुनेची हाय."