तपस्वी सरड्याचं भस्म

शारजात गणूबाबाच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला होता. आत वसईचे होते, रत्नागिरीचे होते, हमरिया फ्री झोनच्या कारखान्यांतून युनिफॉर्मवरच आलेले होते. सगळ्यांच्या नजरा गणूबाबाच्या मांडीवरच्या काळ्याकुट्ट सरड्यावर खिळल्या होत्या.

"हा तपस्वी आहे, हबीबी!" गणूबाबा गरजला. "थेंबभर पाणी पीत नाही. देव सगळ्यांचा एकच, व्हिसा तेवढे वेगळे! तपस्वी तुमचा आजार ओढून घेतो आणि दिव्य प्रकाशात जाळून टाकतो. यल्ला, चला, बघा!"

एसीच्या झोताखालचा सरडा त्याने समोर बसलेल्या मुलीच्या हातांवर ठेवला आणि वरचा भलामोठा दिवा लावला. मग मंत्र झाले, दुवा झाली, एक इंग्लिश प्रार्थनाही झाली. तोवर सरड्याची काळी पाठ करडी झाली, मग पिवळी, मग थेट हळदीसारखी. "सुभानल्ला!" कुणीतरी ओरडलं.

"बघितलंस?" पर्सीने बायकोला कोपराने ढोसलं. आपले गुडघे दुखतात म्हणून तोच लिलीला ओढून घेऊन आला होता.

लिली मात्र त्या मुलीकडे बघत होती. ती यम्ना होती, चौथीतली तिची विद्यार्थिनी, त्यांच्याच बिल्डिंगमधली. टाइप वन डायबिटीस. इन्सुलिनशिवाय तिचं शरीर एक दिवसही नीट चालत नव्हतं.

गेल्याच आठवड्यात लिलीने वर्गात वाळवंटातले प्राणी शिकवले होते. हा सरडा म्हणजे धब. थंडीत तो काळा पडतो, ऊन शोषून घ्यायला. तापला की फिकट होतो, ऊन परतवायला. पाणी त्याला खाल्लेल्या पाल्यातूनच मिळतं. झुडपं खारट असतात, म्हणून जादाचं मीठ तो नाकातून बाहेर टाकतो, लघवीत पाणी वाया घालवत नाही. "मिस, सो ही स्नीझेस सॉल्ट?" यम्नाने विचारलं होतं, आणि अख्खा वर्ग हसला होता.

आता गणूबाबाने त्याच नाकावरची पांढरी पूड खरवडून यम्नाच्या जिभेवर ठेवली. "भस्म! ही पुडी घरी न्या, रोज दोन वेळा. आणि सुई खलास. सुई टोचली की तपस्वी रुसतो."

यम्नाने लिलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

लिफ्टपाशी लिलीने तिच्या बापाला, हनीफला, गाठलं. "हनीफभाई, सुई बंद करू नका. पोरगी जाईल."

"मिस, तुम्ही शाळेत शिकवा," हनीफ म्हणाला. "आमच्या घरात नको." दुसऱ्या दिवशी लिली त्यांच्या दारात गेली, तर यम्नाच्या आईने, अन्वरीने, दार अर्धंच उघडलं. "गणूबाबांनी शुगर बघू नका सांगितलंय. आज ती कशी हसली, बघायला हवी होतीत तुम्ही."

सोमवारी यम्ना शाळेत आली नाही. लिलीने फोन केला.

"उलट्या होतायत," अन्वरी म्हणाली. "बाबा बोलले, जहर निघतंय."

लिली वर्ग तसाच सोडून धावली. यम्ना पलंगावर पडून खोल, भराभर श्वास घेत होती. तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. अँब्युलन्स लिलीनेच बोलावली. हनीफ दाराशी नुसता उभा राहिला.

पुढच्या शुक्रवारी यम्ना आयसीयूत होती, आणि गणूबाबाकडची गर्दी वाढली होती! भस्म देताना आईचं मन शुद्ध नव्हतं, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

इन्सुलिन थांबल्यानेच हे झालं, असं डॉक्टरने सांगितल्यावर हनीफ यायला तयार झाला होता. लिली त्याला घेऊन आत शिरली. गणूबाबा हां हां म्हणेपर्यंत तिने सरडा उचलून टेबलावर ठेवला आणि दिवा लावला. "कुणीही हात लावू नका."

सरडा पिवळा झाला.

"आता कुणाचा आजार जळला? टेबलाचा?" तिने दिवा बंद केला आणि सरडा एसीखाली नेला. लोक माना पुढे काढून बघत राहिले. सरडा पुन्हा काळा पडला. "आणि आता टेबलाला परत झाला? हा थंडीत काळा होतो, गरमीत पिवळा. माझ्या चौथीच्या मुलांना हे येतं. याच्या नाकातून मीठ निघतं, तेही चिमूटभर. तुम्हा सगळ्यांच्या पुड्या कुठून भरल्या?"

हनीफ तडक स्वयंपाकघरात गेला आणि मिक्सरचं भांडं घेऊन आला. तळाशी तीच पांढरी पूड होती. त्याने ती जिभेला लावली.

"मीठ," तो म्हणाला. "घरातलं मीठ."

गणूबाबा वॉशरूमला म्हणून गेला तो परत आलाच नाही. लोक चपला शोधू लागले. एक बाई लिलीजवळ येऊन हळूच म्हणाली, "हा खोटा निघाला, मिस. पण अजमानला एक आहे म्हणतात. त्याच्याकडे कासव आहे."



यम्नाला वॉर्डात आणल्यावर लिली भेटायला गेली. पोरीचा आवाज जेमतेम निघत होता. "आय न्यू इट वॉज सॉल्ट, मिस. आय टोल्ड पप्पा. ही सेड, चूप."

"मग खाल्लंस कशाला?"

"अम्मी वॉज सो हॅपी."

अन्वरीने ओढणी तोंडात कोंबली. हनीफ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"हनीफभाई, इकडे बघा," लिली म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं, पण तो चढलाच. "आम्ही मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो आणि तुम्ही घरी त्यांना चूप करता. कुणीही चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हे कसं झालं? पुन्हा करून दाखव म्हणा. दिवा बंद करून दाखव म्हणा. चिडला तर उठून या. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. माझ्यासुद्धा."

नर्स इन्सुलिन घेऊन आली, तेव्हा यम्नाने बाही वर केली आणि आधी बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं, टोचू दिलं तर चालेल ना म्हणून.