अकरावं ठिकाण

माझ्या ऑफिसच्या फरशीखाली एक विहीर आहे. समुद्राचं पाणी तिच्यात मुठीएवढ्या एका भोकातून येतं. बाहेर लाटा कितीही आपटल्या तरी आतलं पाणी हिंदकळत नाही. ते फक्त चढतं नाहीतर उतरतं, आणि तेही बाहेरच्या समुद्रापेक्षा थोडं उशिरा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हा उशीर स्टॉपवॉच लावून मोजला होता. वारा पडलेला असेल तर अडतीस सेकंद, वारा वाहत असेल तर त्रेचाळीस. पाण्यावर एक पितळी डबा तरंगतो, डब्याला तार बांधलेली आहे, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचं पेन एका फिरत्या कागदावर रेघ काढतं. भरतीला रेघ वर जाते, ओहोटीला खाली येते. एकोणीस वर्षं मी ती रेघ वाचते आहे आणि रोज सकाळी मोजफीत विहिरीत सोडून ती खरी बोलते की नाही ते तपासते.

त्या शुक्रवारी काचवाला आला तेव्हा मी विहिरीत वाकून फीतच पाहत होते. तो दारात बॅग ठेवून उभा राहिला. आकडा लिहून होईपर्यंत माझ्याशी बोलायचं नसतं, हे त्याला ठाऊक आहे.

"किती भरलं?" त्याने नंतर विचारलं.

"तीन मीटर बारा."

"मागच्या वर्षीपेक्षा जास्त की कमी?"

"ही भरती वेगळी, ती वेगळी."

"म्हणजे सांगणार नाहीस," तो म्हणाला आणि हसला.

काचवाला हे माझ्या घरी राहणाऱ्या काकूने ठेवलेलं नाव. समुद्रापासून खूप आत असलेल्या एका शहरात, मी शिकले त्या कॉलेजात, तो प्रयोगशाळेसाठी काच फुंकतो. चंबू, नळ्या, वेटोळी. मी विद्यार्थिनी असताना जे जे फोडलं ते त्याने जोडून दिलं, आणि एकदाही कुणाला सांगितलं नाही. सात वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा इथे आला. मी त्याला दीपगृह दाखवलं. परत जाताना बसच्या पायरीवर एक पाय ठेवून त्याने विचारलं, लग्न करून माझ्या घरी राहायला येशील का. मी म्हटलं, विचार करून सांगते.

त्यानंतर तो दर वर्षी दोन दिवस येतो. त्याच्याकडे शहराची माहितीपत्रिका असते, 'दोन दिवसांत पाहण्यासारखी अकरा ठिकाणं'. लोकांची खरंच दोन दिवसांत ती पाहून होतात. आम्हाला दहा ठिकाणांना सहा वर्षं लागली. मी मुद्दाम लावली. दर वेळी एखादं ठिकाण मागे ठेवायचं आणि म्हणायचं, हे पुढच्या वेळी. तटबंदीवरून चालायला एक अख्खा दिवस घेतला. दोर वळणाऱ्यांच्या गल्लीत आम्ही दोनदा गेलो, कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा दोर वळून झाले होते. जुन्या नकाशांच्या खोलीत तो एकाच नकाशासमोर तासभर उभा राहिला. त्यात आमच्या बंदराऐवजी नुसता एक मासा काढलेला होता. नकाशा काढणाऱ्याला पाणी किती खोल आहे ते माहीत नसणार, मी म्हटलं. तो म्हणाला, मग मासा काढणं जास्त प्रामाणिक.

आता उरलं होतं अकरावं. बंदराच्या तोंडाशी एक बेट आहे, त्यावर टेहळणीचा पडका बुरूज. ओहोटीत तिथपर्यंत दगडी वाट उघडी पडते. सहा वर्षं मी त्याला सांगत आले की ओहोटीची वेळ जमत नाही.

या वेळी तो येण्याआधी त्याचं पत्र आलं होतं. लहानच होतं. त्याच्या घरात एक खोली त्याने माझ्यासाठी सात वर्षं रिकामी ठेवलेली आहे. पुतणी शिक्षण संपवून घरी येते आहे आणि वहिनीने ती खोली तिच्यासाठी मागितली आहे. 'मी तिला म्हटलं, सोमवारी सांगतो. तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पण पुन्हा पाहुणा म्हणून येणार नाही. आता थकलो.'

रात्रीचं जेवण झाल्यावर काकूने सुपारीच्या डब्यावर बोटं वाजवली. तिला काही बोलायचं असलं की ती असं करते.

"काय पाहुणे, उद्या काय दाखवणार आमची बाई तुम्हाला? सगळं शहर तर झालं. माझी ट्रंक तेवढी राहिलीय. तळाशी जरा वाळवी आहे, पण ऐतिहासिक आहे."

"बुरुजावर जाणार आहोत, काकू."

"अरे वा. तिची ओहोटी जमली म्हणायची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि एक ऐक. माझं नाव पुढे करून थांबून राहू नकोस. मी काय खुंटा आहे, तुला बांधून ठेवायला? माझी धाकटी बहीण बोलावून बोलावून दमली. उद्या जाईन आणि पंख्याखाली झोपा काढीन."

"मी तुझं नाव कधी पुढे केलं?"

"तीन पत्रांत. तू पाकिटं उघडी ठेवून अंघोळीला जातेस."

काचवाला चष्मा पुसू लागला. तो हसत होता की नाही ते मला दिसलं नाही.

शनिवारी नऊ चाळीसला तळाची ओहोटी होती. वाट समुद्राच्या पातळीपासून किती उंच आहे, हे ऑफिसच्या नोंदवहीत आहे. तो आकडा आणि त्या दिवसाचं कोष्टक घेऊन मी हिशेब मांडला. वाट अकरा छत्तीसला बुडणार होती. हाताशी वेळ असावा म्हणून बेट सोडायची वेळ मी अकरा धरली. सगळं एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

नऊच्या सुमाराला आम्ही वाटेवर उतरलो. दगड काळे आणि गुळगुळीत होते, फटींत हिरवं शेवाळ. दोन्ही बाजूंचं पाणी इतकं स्तब्ध होतं की वाट पाण्यावर नसून आभाळाच्या मधोमध टाकलेली वाटावी. आमची प्रतिबिंबं पायांना चिकटून चालत होती. मध्यावर वीसेक पावलांचा भाग खोलगट होता आणि तिथले दगड ओले होते. शिंतोडे उडाले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

"तू इथे किती वेळा आलीस?" त्याने विचारलं.

"एकदाही नाही."

"एकोणीस वर्षांत?"

"मला वाटेची उंची माहीत होती."

एका सैल दगडाशी त्याने माझं कोपर धरलं आणि पुढचा दगड आल्यावर सोडलं.

बुरुजात पाहण्यासारखं फारसं नव्हतं. अर्धा जिना, छत नाही, आणि भिंतीत एक लांबट खिडकी, तिच्यातून फक्त समुद्र दिसतो. तिथे उभं राहून कुणीतरी वर्षानुवर्षं जहाजांची वाट पाहिली असेल. आम्ही बरोबर आणलेली संत्री खाल्ली. अकराला आम्ही निघालो. मध्यावर पोचलो तेव्हा घड्याळात अकरा दहा झाले होते, आणि खोलगट भागावर पाणी होतं. मी चप्पल काढून उतरले. दुसऱ्याच पावलाला पाणी गुडघ्याला लागलं. त्याला ओढ होती, आणि खालचा दगड हलत होता.

"मागे ये," तो म्हणाला.

मी मागे आले. पर्समधली चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. हिशेबात चूक नव्हती. चूक उंचीच्या आकड्यात होती. तो अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या मोजणीतला होता, आणि एवढ्या वर्षांत मधले दगड खचले होते. बंदरावर जाळी विणणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी नोंदवहीला विचारलं.

बेटावर परत येऊन काकूला फोन लावला. ती म्हणाली, "सगळ्या बंदराला भरती सांगणारी आमची बाई. थांब, जरा बसते." तिने शेजारच्या जाळीवाल्या बाईंच्या दिराला होडी घेऊन पाठवायचं कबूल केलं. पण बेटाभोवती खडक आहेत, त्यांच्यावर पुरेसं पाणी चढल्याशिवाय होडी लागत नाही. म्हणजे चारच्या आधी नाही.

"पाणी आहे ना प्यायला?" काकूने विचारलं. "बरं. मग बसा. गाणी म्हणा."

आम्ही बुरुजाच्या सावलीत बसलो. सावली सरकली की आम्ही सरकायचो. वाट हळूहळू नाहीशी झाली. आधी मधली, मग दोन्ही टोकांची, आणि मग तिथे कधी वाट होती असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. समोर, पाण्यापलीकडे, शहर होतं. मी ते बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. दुपारच्या उन्हात ते पांढुरकं आणि हलकं दिसत होतं, कुणी पाण्याच्या काठावर वाळत घातल्यासारखं. वाऱ्याच्या झुळकीबरोबर त्याचे आवाज यायचे आणि मध्येच विरायचे. कुठेतरी हातोडा पडत होता. तो वर गेलेला दिसायचा आणि ठोका नंतर ऐकू यायचा.

"ते दीपगृह," तो बोट दाखवून म्हणाला. "पहिलं वर्ष. ती तटबंदी. तिथे तुझी चप्पल तुटली होती. त्या कोपऱ्यावर मासळीचा लिलाव, तिथे मी चुकून हात वर केला आणि एक टोपली माझ्या नावावर लागली."

"काकूने ती चार दिवस शेजाऱ्यांना वाटली."

"आणि ते हिरवं दार कसलं?"

मी पाहिलं. नखाएवढं हिरवं दार, त्याखाली पायऱ्या, पायऱ्यांखाली पाणी. "माझ्या ऑफिसचं समुद्राकडचं दार," मी म्हटलं.

तो त्या दाराकडे खूप वेळ पाहत राहिला. मग खिशातून माहितीपत्रिका काढून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने पेन्सिलीने एक चौकोन काढला.

"ही खोली. इकडे खिडकी, पूर्वेला. पाच फुटांवर शेजाऱ्यांची भिंत आहे, पण सकाळी तासभर ऊन येतं. इथे फळ्या बसवल्यात, तुझ्या वह्यांसाठी. सगळ्यात वरची फळी तुझ्या खांद्याच्या उंचीवर."

"माझ्या खांद्याची उंची तुला कशी कळली?"

"तू भट्टीशेजारी उभी राहायचीस तेव्हा खांदा कपाटाच्या कडीला लागायचा. कपाट अजून तिथेच आहे. त्यावरून मोजली."

मी चौकोनाकडे पाहिलं. त्याने दारसुद्धा कुठल्या बाजूला उघडतं ते काढलं होतं. रिकाम्या खोलीत सात वर्षं रोज तासभर ऊन येतं आणि जातं आहे, हे मला स्पष्ट दिसलं. आणि त्याच वेळी हेही दिसलं की त्या उन्हात मी कुठेच नाही. मनातल्या मनात मी फळीपाशी उभी राहून पाहिलं, खिडकीपाशी बसून पाहिलं. मी तिथे पाहुणीच होते.

"पुतणी चांगली आहे," तो म्हणाला. "लहानपणापासून मला काचकाका म्हणते. तिला ही खोली आवडेल." मग त्याने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचा श्वास संथ झाला. झोपेत त्याचे हात मांडीवर उघडे पडले होते. बोटांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. मी ते मोजायला घेतले आणि नवावर आल्यावर थांबले, कारण मोजणं हा माझा टाळाटाळीचा प्रकार आहे हे माझ्या लक्षात आलं.

सात वर्षं मी विचार करत होते असं मी सर्वांना सांगत होते, स्वतःलाही. विचार वगैरे काही नव्हता. उत्तर मला त्या बसच्या पायरीशीच माहीत होतं. ते दोन भागांचं होतं, आणि पहिला भाग ऐकून तो दुसरा ऐकायला थांबणार नाही, या भीतीने मी त्याला शहर दाखवत राहिले. आणि ते दाखवता दाखवता मीही पाहिलं. तो आला नसता तर दीपगृहही मी उंचीच्या आकड्यावरूनच ओळखलं असतं.

पावणेचारला पाणी चढायचं थांबलं. उतरायला अजून लागलं नव्हतं. खडक दिसेनासे झाले होते, आणि किनाऱ्याकडून एक होडी निघालेली दिसली, अजून बोटाच्या पेराएवढीच. मी त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने डोळे उघडले, होडी पाहिली, आणि चष्मा चढवून चपला शोधू लागला.

"जरा बस," मी म्हटलं. "होडीत बोलता येणार नाही."

तो एक चप्पल हातात धरून बसला.

"मी तुझ्या घरी राहायला येणार नाही."

त्याने मान हलवली. रागावणार नाही असं त्याने लिहिलं होतं, आणि तो रागावला नाही. फक्त चप्पल जमिनीवर ठेवली, अगदी सावकाश, काचेची असल्यासारखी.

"झालं नाही अजून बोलून," मी म्हटलं. "दुसरा भाग आहे. तू माझ्या घरी राहायला ये. बर्नर, नळ्या, काय लागेल ते घेऊन ये. मला तुझ्याशी लग्न करायचं आहे, आणि ते मला इथे करायचं आहे."