तिसरा अंक कुणी फोडला?

तालमीला आल्याआल्या शालिनीने तोंड फुगवलं. "तिसऱ्या अंकात माका वेडी केलंस म्हणे?"

सिद्धी चपापली. जत्रेच्या नाटकाचा तिसरा अंक तिने अजून कुणालाच दाखवला नव्हता. नाट्यमंडळाच्या खोलीतल्या संगणकावर ती तो टाइप करायची आणि उठताना फाइलला कुलूप घालायची.

"तुका कोणी सांगल्यान?"

"सगळेच म्हणतत."

सिद्धी सुर्ल्याच्या एका खाणीच्या ऑफिसात संगणक सांभाळायची. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फाइल बंद असूनही मजकूर फुटतो, म्हणजे टाइप करतानाच कुणीतरी तो टिपून घेत असणार. कीलॉगर!

रविवारी दुपारी डिचोलीच्या त्या खोलीत तिने आधी मशीनच्या मागे डोकं घातलं. कीबोर्डच्या वायरला मध्येच काही जोडलंय का? नव्हतं, नुसतं कोळ्याचं जाळं. मग ती टर्मिनलवर बसली. मशीन लिनक्सवर चालायचं, आणि कीबोर्डवर कोणकोणते प्रोग्रॅम कान लावून बसलेत, हे लिनक्सला सरळ विचारता येतं. तिने विचारलं. दोन नावं सिस्टिमचीच निघाली. तिसरं होतं, 'प्रिंटर-मदत'.

मंडळाकडे प्रिंटर नव्हताच!

टिपलेलं सगळं हा मदतनीस एका निनावी पत्त्यावर पाठवत होता. पण बसवला कुणी? मशीनचा पासवर्ड भिंतीवरच खडूने लिहिलेला, त्यामुळे संशय अख्ख्या मंडळावर. सिद्धीने प्रोग्रॅमला हात लावला नाही. गालातल्या गालात हसून तिने टाइप केलं, 'राजा पहिल्याच अंकात ठेच लागून मरतो.'

थोड्याच वेळात दारात स्कूटर थांबली. प्रमोद भज्यांचा पुडा घेऊन आत आला. बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि नाटकात तोच राजा.

"सिद्धी, बाये, जरा विचार कर गो. राजा ठेच लागून मेलो तर लोक हसतले."

"ठेच? प्रमोददादा, ठेचेचं मी कुणाला बोललेच नाही."

प्रमोदचा चेहरा पडला. "गेल्या वर्षी माका दोनच वाक्यां होती," तो पुटपुटला. "यंदा राजा दिलंस. पण तो मरता की उरता, त्या काळजीन झोप लागना."

सिद्धीला हसू येत होतं, पण पोटात रागही होता. इतके दिवस कुणीतरी तिच्या खांद्यावरून डोकावत होतं.

"म्हणजे मी खोडलेली वाक्यंसुद्धा वाचलीस?"

"तींच बरी होती गो."

तिने त्याला समोर बसवून प्रोग्रॅम काढायला लावला, पुन्हा एकदा सगळं तपासलं आणि पासवर्ड बदलला. मग भजं उचलत हळूच विचारलं, "कुठलं वाक्य बरं होतं?"

प्रमोद उठून उभा राहिला. "मुकुट काढला की डोकं हलकं होतं, राणी, पण मग वारा लागतो."

सिद्धी कीबोर्डकडे वळली. ते तिने का खोडलं होतं, तिचं तिलाच आठवेना. तिने ते परत घातलं.

जत्रेत प्रमोद नेमका तेच वाक्य विसरला. सिद्धीने ते पडद्याआडून इतक्या मोठ्याने सांगितलं, की पहिली टाळी तिलाच पडली.