अकरावं प्रकरण

चारुशीला गजभिये यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून भैयाजींच्या कीबोर्डशेजारी ठेवला.

"प्रकरण अकरावं," असं म्हणून त्या उगाचच पदराने चष्मा पुसू लागल्या.

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानावर भैयाजींची टायपिंगची खोली होती. खाली कोणी परात आपटली की वर टेबल थरथरायचं. चारुशीलाबाईंच्या पाचही कादंबऱ्या इथेच टाइप झाल्या होत्या. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ते लावणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच. तीस वर्षांत त्या माणसाने मजकुराबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मोठा पुरस्कार मिळून चार वर्षं झाली होती. दोन वर्षं सत्कारांत गेली, मग फोन थांबले. शहराच्या टोकाला बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर लिफ्टचा आवाज तेवढा सोबतीला. नवी एकही ओळ सुचत नव्हती. पण गुरुवारी भैयाजींकडचा चहाही सुटला असता, तर आठवडाभर बोलायला माणूस उरला नसता. म्हणून त्या आपलीच पहिली कादंबरी पुन्हा हाताने उतरवून आणायच्या. नायिका कामिनीची गोपिका केली होती, गावाचं नाव बदललं होतं. इतकं जुनं कोणाला आठवतंय! लाज वाटायची, पण गुरुवारपर्यंतच.

भैयाजींनी दोन पानं वाचली आणि हात मांडीवर घेतले.

"मॅडम, एक बोलू काय? राग नका मानू."

"बोला ना."

"बाळंतपणासाठी निघालेली कामिनीची बैलगाडी आता नाल्यावर अडकून राहिली ना?"

पानावर सगळीकडे गोपिका होती. चारुशीलाबाईंना मान वर करवेना.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच पानाले."

"मग बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तर तुमी आल्या नसत्या."

खाली दुकानात कोणीतरी गंज-पातेल्यांची चळत हलवली. भैयाजी पडद्याकडे बघतच पुढे म्हणाले, "थे पुस्तक टायपिंगले आलं तवा माही बहीण जाऊन महिनाच झाला होता. कामिनीसारखीच, बाळंतपणात. अकरावं प्रकरण तीन दिवस पडून होतं माह्याजवळ. तुमाले सांगतलं, लाइट नाही म्हणून." मग जरा थांबून, "या टायमाले नाल्याचं पाणी उतरू द्या ना, मॅडम."

चारुशीलाबाईंनी शेवटचं पान ओढून पालथं केलं आणि भैयाजींच्या खिशातला पेन मागून घेतला. चहा आला, त्यावर साय धरली. भैयाजी तोंड फिरवून कोणाची तरी लग्नपत्रिका टाइप करत बसले. पाऊण तासात बाईंनी कितीतरी खोडलं. दोन ओळी उरल्या.

"लागतंय का बघा."

भैयाजींनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. 'पाणी गुडघ्याखाली आलं. बैलांनी पाय टाकला.'

एवढं वाचायला त्यांना फार वेळ लागला.