नऊचा एक

मुद्रितशोधक म्हणून उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका हुडकलेल्या म्हाताऱ्याला बायकोच्या जुन्या फोनमधली ओबडधोबड अक्षरं बघवेनात. एका दुपारी तिला न विचारताच त्याने सेटिंगमध्ये जाऊन वळणदार फॉन्ट लावला. अक्षरं मोत्यासारखी दिसू लागली, तशी स्वारी स्वतःवरच खूश झाली.

पुढच्या आठवड्यात बायकोच्या धाकट्या बहिणीचा मेसेज आला, ‘उद्या ९ ची गाडी. स्टँडवर भेट.’ धाकटी कायमची मुलाकडे परदेशी निघाली होती. त्या वळणात नऊचा आकडा थेट एकासारखा दिसत होता. बायको साडेबाराला स्टँडवर पोचली, तेव्हा धाकटी वाट पाहून, रुसून कधीच गेली होती.

“डोळे गेले हो माझे,” घरी येऊन ती म्हणाली. “साधा आकडा कळेना. आता तुम्हीच वाचून दाखवत जा. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.”

“डॉक्टरांना दाखवू,” तो पुटपुटला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

ती हातपाय धुवायला गेली. फॉन्ट गुपचूप बदलला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्याने सेटिंग उघडलंही, पण बोट पुढे जाईना.

ती आल्यावर तो म्हणाला, “तुझे डोळे शाबूत आहेत. हा उपद्व्याप माझा.”

त्याने दाखवलेला नऊ ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने बहिणीचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

“हे तिला सांगा,” ती म्हणाली.