तिसरं अक्षर

केल्सी पार्डी डोळ्यांची डॉक्टर होणार याबद्दल गनेट कोव्हमध्ये कुणालाच शंका नव्हती. शंका फक्त तिच्या युनिव्हर्सिटीला होती.

ऑप्टोमेट्री शिकायला ती ऑन्टारिओला गेली होती. तीन वर्षं पुस्तकं आणि प्रयोगशाळा, आणि चौथ्या वर्षी गावोगाव फिरून खरीखुरी माणसं तपासायची, असा तो अभ्यास. पुस्तकांत ती पहिली यायची. पण चौथ्या वर्षी पहिल्याच ठिकाणी तिला नापास केलं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'स्वतःच्या तपासणीवर ठाम राहत नाही.' आता तेच काम तिला पुन्हा करायचं होतं. जागा निवडायला सांगितली तेव्हा तिने आमचं गाव निवडलं. पाच दिवस, आणि बरोबर परीक्षक म्हणून डॉक्टर लेफेव्र नावाच्या बाई. त्यांची सही मिळाली तर पोरगी जूनमध्ये डॉक्टर. नाही मिळाली तर वर्ष गेलं.

तिच्या आईने, डोरीनने, हे दुकानात पाव घेताना सांगितलं. दुपारपर्यंत बंदरावरच्या शेवटच्या माणसालाही माहीत झालं.

पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या डोक्यातून झाली, हे आधीच कबूल करते.

आमच्या लहानपणी शाळेचा इन्स्पेक्टर वर्षातून एकदा बोटीने यायचा. मुलांनी धडाधडा म्हणून दाखवलं तर बाईंची नोकरी टिकायची. अडखळली तर पुढच्या बोटीने बाई परत. आम्हाला आमच्या बाई आवडायच्या, म्हणून मी एक अख्खं पान तोंडपाठ म्हटलं होतं. त्यातलं एक अक्षरही मला ओळखता येत नव्हतं. ते यायला मला सत्तावन्न वर्षं लागली. पण बाई टिकल्या.

तर मी म्हटलं, परीक्षा म्हणजे परीक्षा. आपण नीट वाचलं की केल्सी पास.

नर्सच्या दवाखान्यात अक्षरांचा तक्ता भिंतीला कायमचा ठोकलेला आहे. नर्स महिन्यातून दोनदा येते आणि झाडलोट माझ्याकडे, म्हणून किल्लीही माझ्याकडे. मी खुर्चीवर चढले, तक्त्याच्या शेवटच्या चार ओळी उतरवून घेतल्या आणि बिंगोच्या जुन्या कार्डांच्या पाठीवर नकला करून घरोघर वाटल्या.

"सेलिना, मला समोरचा दीपस्तंभ दिसत नाही," ह्युबर्ट स्किनर म्हणाला. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

"म्हणून तर पाठ कर म्हणते."

"आणि अक्षरावर बोट ठेवायला सांगितलं तर?"

"बोट ठेवायला कोण सांगतंय? तोंड चालव. ते तुला जमतं."

आठवडाभर गाव पाठ करत होतं. खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करताना, चर्चच्या स्वयंपाकघरात पावाच्या पिठाचे टाउटन तळताना, सगळीकडे तेच. शेवटची ओळ तर लोक गाण्यासारखी म्हणायला लागले. एफ, झेड, ओ, पी, ई, टी, एल.

सोमवारी फेरीबोट धक्क्याला लागली. केल्सी आली, मागे सात पेट्या, आणि त्यांच्या मागे डॉक्टर लेफेव्र. उंच, मोजकं बोलणारी बाई. एका पेटीत अक्षरं बदलत राहणारा पडदा होता, पण प्रवासात त्याला काय झालं कोण जाणे, तो चालू होईना.

"भिंतीवरचा तक्ता आहे ना," मी म्हटलं. "चांगला आहे. मी स्वतः पुसते."

पहिल्या दिवशी नऊ जण झाले. मी बाहेरच्या खोलीत चहा करत होते. मधलं दार धड लागत नाही, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. एकेक जण आत जायचा, खणखणीत आवाजात शेवटची ओळ म्हणायचा आणि छाती काढून बाहेर यायचा. मला इतकं बरं वाटत होतं की मी डॉक्टरबाईंच्या चहात दुधाचा अर्धा डबा ओतला.

ह्युबर्ट शेवटचा. तो म्हणून मोकळा झाला आणि मग केल्सीने दिवा मालवून त्याच्या डोळ्यांवर उजेडाची पट्टी फिरवली. तिच्या त्या हातातल्या यंत्राने माणसाला काही न विचारता नंबर काढता येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

डॉक्टर लेफेव्र यांचा आवाज आला. "तुझा उजेड काय सांगतो?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर. बराच पिकलेला. मला आतलं नीट दिसत नाही, म्हणजे यांना बाहेरचं नीट दिसत नसणार."

"पण यांनी शेवटची ओळ वाचली."

"हो."

"मग कागदावर काय लिहिणार?"

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. ह्युबर्टने वाचलेलंच लिही, पोरी, आणि सुटून जा, असं मी मनात म्हणत होते.

"मोतीबिंदू लिहिणार," केल्सी म्हणाली. "यांनी ती ओळ कशी वाचली ते मला आत्ता माहीत नाही. उद्या सांगते."

"ह्युबर्टकाका, उठा," असं ती पुढे म्हणाली, आणि त्या आवाजात गोडवा जरा कमी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं नाव माझं होतं. डावा डोळा माझा लहानपणापासून नावाला आहे, सगळं काम उजव्यावर. केल्सीने डावा झाकला. मी ओळ म्हटली.

"तिसरं अक्षर पुन्हा वाचा, काकू."

"ओ."

"ते डी आहे."

"असेल. म्हातारीची एक चूक झाली."

"चूक एक आहे, पण दहा जणांची," ती म्हणाली. तिने कालचे कागद माझ्या मांडीवर पसरले. "हा क्लाइड, याला धुक्यात समुद्रातला बोया दिसतो. यानेही ओ वाचलं. ह्युबर्टकाकांना तक्ता कुठल्या भिंतीवर आहे तेही दिसत नाही. त्यांनीही ओ. नीट दिसत नसलं की माणसं डीला ओ म्हणतात, पण मग बाकीच्या अक्षरांतही घोळ घालतात. यांची बाकी सगळी बरोबर. आता मला सांगा, हे उतरवलं कुणी?"

कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरबाई खाली मान घालून काही लिहीत होत्या. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे पोरीचं वर्ष गेलं.

"मी," मी म्हटलं. "आणि दोष माझाच लिहा, डॉक्टरबाई. तिला काही ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटलं, आम्ही चांगलं वाचलं की ती पास."

केल्सी हसली. "काकू, तुम्ही सगळे पास झाला असतात तर मी नापास झाले असते."

मग ती एकदम थांबली. "तुम्ही हे लांबून उतरवलंत?"

"छे. खुर्चीवर चढून. नाक तक्त्याला लागत होतं."

"आत्ता उठा. जवळ जा आणि त्या अक्षरावर बोट ठेवा."

मी गेले. अगदी जवळून पाहिलं. माझ्यासाठी ते तेव्हाही ओच होतं.

तिने मला परत बसवलं आणि हातात चौकटी-चौकटींचा एक कागद दिला, मध्ये काळा ठिपका. "ठिपक्याकडे बघा. आजूबाजूच्या रेषा कशा आहेत?"

"मधे बाहेर फुगल्यात. जाळ्यात मोठा कॉड मासा अडकल्यासारख्या."

"पुस्तकात?"

"पुस्तकातही तशाच. ओळी वाकतात."

"कधीपासून?"

"ईस्टरपासून असेल."

"आणि कुणाला सांगितलंत?"

"काय सांगायचं?" मी म्हटलं. माझा आवाज मला आवडला नाही. "मी उशिरा शिकले. लहानपणी शिकलेल्यांचं डोक्यात पक्कं बसतं. मला वाटलं, माझं सुटत चाललंय. अक्षरं हातातून जातायत. हे सांगायची गोष्ट आहे का?"

केल्सी तिचं स्टूल ओढून माझ्या अगदी समोर बसली.

"काहीही सुटलेलं नाही. डीची उभी काठी तुम्हाला वाकलेली दिसते, म्हणून ती ओ होते. जे दिसलं ते तुम्ही बरोबर लिहिलंत. बिघाड डोळ्यात आहे, डोक्यात नाही. थेंब घालते आणि आत बघते."

थेंबांनी बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात तिने ह्युबर्टला बोलावून आणून पुन्हा तपासलं. या वेळी तक्ता नाही, चार दिशांना फिरवता येणारं एकच अक्षर छापलेलं कार्ड. तीन पावलांवरच त्याची गाडी अडली.

माझ्या डोळ्यात ती बराच वेळ बघत राहिली. मग डॉक्टर लेफेव्र यांनी पाहिलं. डॉक्टरबाई मुद्दाम मागे सरकल्या आणि तिला बोलायला जागा करून दिली.

"डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी आणि थोडं रक्त झिरपतंय," केल्सी म्हणाली. "सेंट जॉन्सला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, डोळ्यात इंजेक्शन देतात. लवकर दिलं तर थांबतं. तुम्ही आज चारच्या फेरीने निघायचं."

"आज कसं? शुक्रवारपर्यंत तुझी परीक्षा आहे. चहा कोण करणार?"

"डोरीन करेल."

"डोरीनचा चहा तू प्यायलीस का कधी? पुढच्या सोमवारी जाते."

"आज."

"पोरी, पंचवीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात उभी राहिले. डोळ्यात काय काय उडालं, एकदा डॉक्टरकडे गेले नाही. आठवड्याने काय होतंय?"

"आठवड्याने ही मधली जागा कायमची जाऊ शकते. मग वाकड्या रेषाही दिसणार नाहीत." तिने आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "तुम्ही माझ्यावर रागवा, काकू. आईकडे तक्रार करा, मला जेवायला बोलावू नका. पण मी सोमवार लिहिणार नाही."

मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. वाटलं, मोठी डॉक्टर आहे, काही मधला मार्ग काढेल.

"माझ्याकडे बघू नका, सेलिनाबाई," त्या म्हणाल्या. "तपासणी तिची आहे."

केल्सीने तिथेच सेंट जॉन्सला फोन लावला. पलीकडच्याने पुढच्या गुरुवारची वेळ दिली. तिने तपासणीत काय दिसलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "नाही, गुरुवार चालणार नाही. बाईंना दुसरा डोळा नाही, कामाचा हा एकच. उद्या त्या तिथे असतील." मग फोन कानाला धरून वाट पाहिली. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. उद्या सकाळी अकरा.

चार वाजता मी फेरीवर होते. जाता जाता बंदरावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की उरलेले दिवस जे दिसेल तेच सांगा आणि नाही दिसलं तर नाही म्हणा, केल्सी त्यानेच पास होते. क्लाइडला जरा वाईट वाटलं. त्याने चारही ओळी उलट्यासुद्धा पाठ केल्या होत्या.

इंजेक्शनला मी घाबरले होते, पण आधी डोळा बधिर करतात. सुई टोचली एवढं कळलं, बस. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, वेळेवर आलात, अजून बरीच घ्यावी लागतील. मी म्हटलं, द्या.

सेंट जॉन्सला मी बहिणीकडे उतरले होते, तिथे शुक्रवारी संध्याकाळी डोरीनचा फोन आला. ती आधी दोन मिनिटं नुसती रडली, त्यावरून मला कळलं. डॉक्टर लेफेव्र यांनी सही केली होती. गावातल्या चौदा जणांना चष्मे लागले, तिघांना मोतीबिंदूसाठी पाठवायचं ठरलं. ह्युबर्ट सगळ्यांना सांगत फिरतोय की सेलिनाने मला फसवून पाठांतर करायला लावलं.

महिन्याने दुसऱ्या इंजेक्शनला गेले तेव्हा शेजारच्या खुर्चीत बोनाव्हिस्टाकडचा एक म्हातारा होता. त्याचा डोळा कुणीतरी बऱ्याच उशिरा तपासला होता. तुमचं दुखणं कुणी पकडलं, असं त्याने विचारलं.

"डॉक्टर पार्डी," मी म्हटलं. "आमच्या गावची."

"तुमच्या गावात डोळ्यांचा डॉक्टर आहे?"

"सप्टेंबरपासून बसणार आहे, दर दुसऱ्या आठवड्याला. या तुम्ही. फेरीची वेळ लिहून देते."

त्याच्याकडे पेन होतं. मी लिहून दिली.