ढगवालीचे रडार

मित्रांनो, डोंगरमाथ्यावर तो पांढरा घुमट दिसतो ना, त्याच्या आत मी असते. मी एक जुने पावसाचे रडार आहे. लांबून पाहणाऱ्यांना वाटते, वर पाण्याची टाकी आहे. एकदा एक वाटसरू घाम पुसत वर आला आणि नळ कुठे आहे म्हणून विचारू लागला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझी भलीमोठी थाळी घडवली, तिला फिरवणारी मोटर बसवली आणि सुटे भाग करून मला इथे चढवले. माझे काम तसे सोपे. गोल गोल फिरायचे, चहूबाजूंना लाटा सोडायच्या आणि दूरच्या थेंबांवर आपटून ज्या लाटा परत येतील त्यांवरून पावसाचे चित्र काढायचे. हलका पाऊस हिरवा, जोराचा पिवळा, मुसळधार लाल आणि जिथे आभाळच फाटले आहे तिथे जांभळा.

माझी देखभाल एक तंत्रज्ञ करतात. पायथ्याचे लोक त्यांना रडारभाऊ म्हणतात. त्यांचे खरे नाव आता त्यांच्या बायकोलाच आठवत असेल. माझ्या खालच्या खोलीत एक टेबल, एक फोन, हत्यारांची पेटी आणि पाठ टेकली की कुरकुरणारी खुर्ची, एवढाच त्यांचा संसार. माझी चित्रे आधी फक्त मोठ्या कार्यालयात जात. पुढे ती इंटरनेटवर येऊ लागली आणि मला फार आनंद झाला. पण ती ठेवली होती कुठे? एका पानातून दुसऱ्या पानात, तिथून तिसऱ्यात आणि तिथेही सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. कोण कशाला तिथवर जाईल?

एक बाई गेली.

ती घरी बसून कपडे शिवायची. तिला लहानपणापासून आभाळाचे वेड. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की बादली तशीच राहायची आणि ही मान वर करून उभी. म्हणून नवऱ्याने तिचे नाव ठेवले ढगवाली. बातम्यांत सांगत, तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. ती वैतागायची. "ते तुरळक ठिकाण म्हणजे नेमकं कोणाचं घर, ते कधी सांगत नाहीत," असे म्हणायची.

मग तिने मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. कधी परक्या मुलखातली चित्रे मिळाली, कधी गेल्या वर्षीची. उपग्रहाची चित्रे मिळाली, पण त्यांत नुसते पांढरे ढग. त्यातला कोणता ढग बरसतोय आणि कोणता नुसता मिरवतोय, ते कळेना. एका दुपारी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या तिचे बोट चुकून भलत्याच ओळीवर पडले आणि माझे चित्र उघडले. तिच्या गावावर हिरवा डाग होता. तिने कान दिला. बाहेर पत्र्यावर रिमझिम वाजत होती.

"पाऊस सापडला," ती नवऱ्याला म्हणाली.

"तो हरवला होता कधी?" नवरा म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

तेव्हापासून ती रोज माझ्याकडे येऊ लागली. काही दिवसांनी तिने पत्ता शोधून मेल पाठवली. 'नकाशाच्या कडेला एक लाल ठिपका आहे. तो कधीच हलत नाही. तिथे एवढा पाऊस पडतो का?' रडारभाऊ मोठ्याने हसले. त्यांनी उत्तर लिहिले, 'ताई, तो डोंगर आहे. आमच्या लाटा त्याच्यावर आपटून परत येतात. पण एवढं निरखून पाहणाऱ्या तुम्हीच पहिल्या.' आणि खाली इथला फोन नंबर दिला. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात माझे एवढे कौतुक कोणी केले नव्हते. तो दिवस मी विसरू शकत नाही.

पण मी म्हातारे होत चालले होते. मोटर फिरती ठेवायला तिच्या आत कार्बनचे छोटे तुकडे असतात, ते फिरत्या भागाला वीज पोचवतात. माझे ते तुकडे झिजले होते. मी फिरता फिरता अडखळायचे. रडारभाऊ नव्या कार्बनसाठी कार्यालयाला लिहीत. उत्तर यायचे, मागणी वर पाठवली आहे. ते घुमटाच्या टोकाकडे बघून म्हणत, "याहून वर आता काय आहे?"

मग एका दुपारी माझ्यावर लख्ख ऊन होते. पण लांब, नदी जिथे उगम पावते त्या डोंगररांगांत मला एक पिवळा ठिपका दिसला. मी ते चित्र पाठवले. पुढचा फेरा घ्यायला निघाले आणि मोटर थांबली. मी त्या डोंगरांकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या पाठीमागे काय चालले आहे ते मला दिसेना. माझे शेवटचे चित्र मात्र इंटरनेटवर तसेच झळकत राहिले. जगाच्या दृष्टीने त्या डोंगरांत अजून छोटासा पिवळा ठिपकाच होता.

खालच्या खोलीतला फोन वाजला.

"भाऊ, चित्र अडकलंय," ढगवाली म्हणाली. "खालची वेळ पुढे सरकत नाहीये."

"माहीत आहे ताई. कार्बन गेलेत. कार्यालयाला कळवलंय."

"माझा नवरा नदीत आहे, भाऊ." ती म्हणाली. "नव्या पुलाच्या पायाच्या खड्ड्यात सळया बांधतोय. सगळी माणसं खाली आहेत. वरच्या डोंगरात पाऊस वाढला तर पाणी थेट त्यांच्या अंगावर येईल."

"मग त्यांना वर बोलवा."

"मागे एकदा बोलावलं होतं. सगळे वर आले आणि एक थेंब आला नाही. पुलाच्या कामावरचे साहेब नवऱ्याला म्हणाले, पुन्हा बायकोचा फोन आला तर तू कायमचा घरी जा. आताही फोन केला मी. म्हणाले, इथे ऊन आहे, ताजं चित्र असेल तर दाखवा. मला एक चित्र द्या, भाऊ. एकच."

रडारभाऊंनी फोन ठेवला. मग त्यांनी माझ्या लाटा बंद केल्या, भिंतीवरचे ड्रिल मशीन उतरवले, खोलले आणि त्यातले कार्बन काढले. ते माझ्या मापाचे नव्हते. रडारभाऊ खाली बसून ते कानशीने घासू लागले. एक तुकडा मोडला. मित्रांनो, तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. ड्रिलमध्ये असतात दोनच तुकडे. मोडलेल्याचा मोठा भाग त्यांनी पुन्हा घासला, शिडी चढून माझ्या मोटरीत दोन्ही दाबून बसवले आणि लाटा सुरू करायला खाली धावले. "फिर बाई," ते म्हणाले. "एकदा फिर."

मी फिरले. मोटरीतून ठिणग्या उडत होत्या, जळका वास येत होता, पण मी फिरले. डोंगररांगांकडे तोंड होताच मला दिसले. पिवळा ठिपका कुठेच नव्हता. तिथे सगळे जांभळे होते, पदरासारखे लांबवर पसरलेले, आणि त्याखाली नदी. मी चित्र पाठवले आणि पुन्हा थांबले.

पुढचे मला दिसले नाही. ते नंतर ढगवालीनेच वर येऊन, त्या कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसून सांगितले.

चित्र येताच तिने ते साहेबांना पाठवले आणि फोन लावला. साहेबांनी चित्र पाहिले. फोनमधून तिला शिट्टी ऐकू आली, एकसारखी वाजणारी. खड्ड्यातून वर यायला एकच शिडी होती. माणसे एकामागून एक चढू लागली. खड्ड्यात झिरपणारे पाणी उपसायला एक पंप होता आणि तो चालवणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे पंपवाले मामा म्हणत. पंप बंद केला तर माणसे शिडीपर्यंत पोचायच्या आतच तळ भरला असता. म्हणून मामा पंपाशी उभे राहिले.

"चला मामा," तिचा नवरा शिडीवरून म्हणाला.

"तू हो पुढे. तू वर गेलास की बंद करतो," मामा म्हणाले.

तो वर पोचला, वळला आणि त्याने मामांसाठी हात खाली दिला. तेवढ्यात नदी आली. पाण्याबरोबर आख्खी झाडे होती. वर तेव्हाही ऊन होते.

मामा सापडले ते पाणी ओसरल्यावर, बरेच खाली.

हे सांगताना ढगवाली एकटी नव्हती. तिच्याबरोबर मामांची लेक होती. ती बालवाडीत शिकवते. सगळे ऐकून झाल्यावर तिने वर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हे त्या दिवशी का थांबलं होतं?"

"कार्बन झिजले होते," रडारभाऊ म्हणाले.

"केवढा असतो तो?"

त्यांनी खिशातून माझा जुना झिजलेला तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेरापेक्षा लहान. ती त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही. ढगवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिने तो हळूच बाजूला केला.

"आता नवीन बसवलाय ना?" तिने विचारले.

रडारभाऊंनी मान खाली घातली. "मागणी वर पाठवली आहे," ते म्हणाले. ते शब्द त्यांच्या तोंडून निघाले आणि मला वाटले, घुमट फोडून कुठेतरी निघून जावे.

तेव्हापासून बालवाडी सुटली की ती रोज फोन करते. एकच प्रश्न विचारते, "फिरतंय ना?" ड्रिलचे कार्बन कसेबसे चालतात, कधी दम टाकतात. रडारभाऊ वर येऊन डोळ्यांनी बघतात, मगच उत्तर देतात. कार्यालयातून अजून काही आलेले नाही. दूरच्या शहरात नवे रडार बसले आहे असे ऐकते. पण त्याच्या आणि त्या नदीच्या मधे डोंगर आहेत, त्यांच्यापलीकडचे त्याला दिसत नाही. तिथले फक्त मला दिसते.

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको, सत्कार नको. माझे चित्र उघडाल तेव्हा आधी त्याखालची वेळ पाहा. ती जुनी असेल तर स्वस्थ बसू नका. फोन करा, विचारा, पुन्हा विचारा, कंटाळा येईपर्यंत विचारा. आभाळ पाहणाऱ्या यंत्राची काळजी घ्या, कारण त्याच्या पाठीमागे कोण खड्ड्यात उतरले आहे ते त्याला कळत नाही.

आज सकाळपासून पुन्हा ठिणग्या उडत होत्या. थोड्या वेळापूर्वी मी थांबले. त्या डोंगरांकडे माझी पाठ आहे. रडारभाऊ शिडीवर आहेत, हातात कानस आहे, आणि खाली फोन वाजतो आहे.